सहा सेकंदांची शांतता

‘चारचौघांत बोलायला उभे राहिले की माझी घाबरगुंडी सगळ्यांना दिसते, काय करू?’ हा प्रश्न माझ्याकडे वारंवार येतो. इंदूरमध्ये राजवाड्याजवळ राहणाऱ्या आणि बँकेत नोकरी करणाऱ्या एक बाई गणेशोत्सवानंतर हीच तक्रार घेऊन आल्या होत्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.)

मंडळाच्या व्याख्यानात पाहुण्यांचा परिचय करून देण्यासाठी त्यांनी चार पाने शब्दन्‌शब्द पाठ केली होती. तिसऱ्या परिच्छेदात एक शब्द निसटला आणि पुढचे सारेच हातचे गेले. ‘‘ताई, चांगली मिनिटभर मी नुसती उभी होते. पाय लटपटत होते, सगळ्यांनी पाहिलं,’’ असे सांगताना त्यांचा आवाज पुन्हा कापू लागला.

दिरांनी मोबाइलवर केलेले चित्रीकरण आम्ही दोघींनी घड्याळ लावून पाहिले. ती ‘मिनिटभराची’ शांतता सहा सेकंदांची होती. पाय मुळीच लटपटताना दिसत नव्हते. कागद मात्र खरोखर थरथरत होता, कारण पातळ कागद हाताचा बारीकसा कंपही मोठा करून दाखवतो.

आपल्या मनातली खळबळ समोरच्याला जितकी दिसते असे आपण धरून चालतो, तितकी ती दिसत नसते. मानसशास्त्रात याला ‘पारदर्शकतेचा भ्रम’ म्हणतात. केनेथ सॅवित्स्की आणि थॉमस गिलोविच यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, या भ्रमाची कल्पना आधीच दिलेल्या वक्त्यांची भाषणे अधिक चांगली झाली होती.

बाईंच्या धास्तीला आणखी एक कारण होते. कार्यालयातल्या प्रशिक्षणात त्यांना सांगितले होते की संवादात शब्दांचा वाटा अवघा ७ टक्के, आवाजाचा ३८ आणि देहबोलीचा ५५. तेव्हापासून त्या बोलताना स्वतःच्या हातांवरच पहारा ठेवत. हे आकडे अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ च्या प्रयोगांतून आले आहेत. ते प्रयोग सुटे शब्द, आवाजाचा सूर आणि चेहरा यांवरून आवड-नावड कशी कळते एवढ्यापुरते होते, आणि ते सरसकट भाषणांना लावणे मला चुकीचे वाटते.

भाषण वाचून दाखवता येते, पाठ म्हणता येते, आयत्या वेळी करता येते किंवा तयारी करून केवळ मुद्द्यांच्या आधाराने करता येते. पाठांतरात एक शब्द पुढच्या शब्दाला ओढून आणत असल्यामुळे एक दुवा तुटला की पुढचे आठवत नाही. मुद्द्यांवरून बोलणाऱ्याला वाक्य नव्याने जुळवता येते. म्हणून चार पानांऐवजी एका जाड कार्डावर पाच मुद्दे लिहायचे आणि घरातल्या एकाच माणसासमोर दर वेळी वेगळ्या शब्दांत बोलून पाहायचे, असे आम्ही ठरवले. ‘मध्येच हिंदी शब्द आला तर?’ या त्यांच्या शंकेवर मी म्हटले, येऊ द्या. समोर बसलेले सगळे इंदूरचेच आहेत.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आभार मानायला त्या उभ्या राहिल्या. मध्ये एकदा अडकल्या, कार्डाकडे पाहिले आणि पुढे बोलल्या. घरी आल्यावर सासूबाईंनी एवढेच विचारले, की तिळगुळाच्या वड्या करणाऱ्या काकूंचे नाव कसे काय राहिले.