वाचकांचे प्रश्न : कॅडमधले क्षेत्र जमिनीशी का जुळत नाही?

प्रश्न : आमच्या शेताची टोटल स्टेशनने (कोन आणि अंतर मोजणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्राने) मोजणी करून घेतली आणि मिळालेल्या बिंदूंवरून मी ऑटोकॅड या संगणकीय आरेखन प्रणालीत (कॅड) नकाशा काढला. तीन बाजूंना धुरे आणि पूर्वेला ओढा आहे. एरिया कमांड 15,483 चौरस मीटर क्षेत्र दाखवते. त्याच बिंदूंचे त्रिकोण पाडून हाताने काढलेले क्षेत्र 16,190 चौरस मीटर भरते आणि सातबाऱ्यावर एकूण 1 हेक्टर 62 आर अशी नोंद आहे. मग सात आर जमीन कमी का दिसते?
– एक वाचक, औसा (जि. लातूर)

उत्तर : नकाशाला हात लावण्यापूर्वी दोन्ही आकड्यांचा भागाकार करावा, कारण चुकीचे मूळ पुष्कळदा त्यातच सापडते. चौरस फूट आणि चौरस मीटर यांची गल्लत झाली असेल, तर उत्तर 10.76 पटीच्या आसपास येते. मिलिमीटरमध्ये काढलेला नकाशा मीटरमध्ये समजून वाचला, तर फरक दहा लाख पटींचा पडतो. आपल्याकडे बोलताना आर आणि गुंठा एकच मानतात, पण 33 फूट बाय 33 फुटांचा गुंठा 101.17 चौरस मीटरचा असतो आणि आर नेमका 100 चौरस मीटरचा, म्हणून त्या गल्लतीत सव्वा टक्क्याहूनही कमी फरक पडतो. आपली तफावत साडेचार टक्क्यांच्या जवळ आहे आणि ती यांपैकी कशातच बसत नाही. शिवाय हाताने काढलेले क्षेत्र सातबाऱ्याशी जुळते आहे. त्यामुळे बिंदू बरोबर असून ते जोडणाऱ्या रेषेत दोष आहे, असे मानून पुढे जावे.

माझा पहिला संशय ओढ्याच्या बाजूवर आहे. ती बाजू वेगळ्या लेअरवर (नकाशाच्या थरावर) स्वतंत्र रेषा म्हणून काढली असेल, तर धुऱ्यांची पॉलिलाइन, म्हणजे बिंदू जोडत जाणारी सलग रेषा, उघडीच राहते. अशा वेळी एरिया कमांड कोणतीही सूचना न देता शेवटचा बिंदू पहिल्या बिंदूला सरळ रेषेने जोडून क्षेत्र काढते, परिमितीत मात्र ती रेषा धरत नाही. पॉलिलाइन निवडून लिस्ट कमांड द्यावी. तेथे ती उघडी की बंद हे कळते, आणि दाखवलेली परिमिती प्रत्यक्षापेक्षा एका बाजूने कमी असेल, तर शंकेला जागाच उरत नाही. ओढ्याकाठची बाजू 120 मीटर धरली आणि वळण मधोमध केवळ नऊ मीटर बाहेर आले असे मानले, तरी सरळ रेषेमुळे सुमारे 700 चौरस मीटर जमीन गळते. आपली तफावत नेमकी 707 चौरस मीटर आहे.

पॉलिलाइन बंद निघाली, तर ओढ्याची कडा गोलाकार दिसावी म्हणून पीएडिट या पॉलिलाइन बदलण्याच्या कमांडमधला स्प्लाइन पर्याय वापरला आहे का, ते पाहावे. त्यातून तयार होणारी वक्ररेषा उघड्या पॉलिलाइनमध्ये फक्त टोकांच्या बिंदूंतून जाते आणि बंद पॉलिलाइनमध्ये तेही बंधन राहत नाही; बाकीचे बिंदू तिला आपल्याकडे ओढतात, पण ती त्यांना शिवतेच असे नाही, आणि बाहेर आलेल्या प्रत्येक वळणावर ती आतून जाते. फिट पर्यायाची वक्ररेषा सर्व बिंदूंतून जाते. तरीही मोजणीच्या नकाशात मोजलेले बिंदू सरळ रेषांनी जोडणेच मला योग्य वाटते. देखणेपणासाठी जमिनीची हद्द हलवू नये.

बिंदूंचा क्रम चुकून रेषेने रेषा ओलांडली असेल, तर प्रकार अधिक गंभीर होतो. क्षेत्राचे सूत्र हद्दीभोवती फिरण्याची दिशा धरून चालते, म्हणून फुलीच्या पलीकडचा भाग मिळवला न जाता वजा होतो. 40 बाय 30 मीटरच्या आयताचे कोपरे 1, 2, 4, 3 अशा क्रमाने जोडले, तर 1,200 चौरस मीटरऐवजी उत्तर शून्य येते. मोठ्या शेतात अशी फुली नजरेला सहज दिसत नाही. पॉलिलाइनची प्रत काढून तिच्यावर बंद रेषेची सपाट आकृती बनवणारी रीजन कमांड चालवावी. रेषा स्वतःलाच छेदत असेल, तर ती कमांड आकृती नाकारते. प्रत घेणे आवश्यक आहे, कारण एरवी मूळ पॉलिलाइन पुसली जाते.

सातबाऱ्याशी तुलना करताना पोटखराबा (लागवडीयोग्य नसलेली जमीन) धरून एकूण क्षेत्र घ्यावे. आपण ते घेतले आहे. अनेक जण केवळ लागवडीयोग्य क्षेत्र घेतात आणि ओढ्याकाठच्या जमिनीत हमखास फसतात.

प्रश्न : जीपीएस रोव्हरने (शेतात फिरवायच्या उपग्रह-मोजणी यंत्राने) घेतलेल्या यूटीएम निर्देशांकांवरून, म्हणजे पृथ्वी पट्ट्यापट्ट्यांनी सपाट मानणाऱ्या नकाशा-पद्धतीतील मीटरमधल्या निर्देशांकांवरून, काढलेले क्षेत्र टेपच्या मापापेक्षा हेक्टरी आठ-नऊ चौरस मीटर कमी भरते. रेषा बंद आहे आणि एकके बरोबर आहेत. दोष कशाचा?
– एक वाचक, पैठण (जि. छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : दोष कोणाचाच नाही. यूटीएमच्या 43 व्या पट्ट्यात 75 अंश पूर्व या मध्य रेखावृत्तावर अंतरे 0.9996 पट धरलेली असतात, आणि पैठण त्या रेखावृत्तापासून जेमतेम 40 किलोमीटरवर आहे. अंतराचा गुणक क्षेत्राला वर्गाने लागतो. त्यात पठाराच्या उंचीमुळे थोडी भर पडते आणि आपला आकडा येतो. मध्य रेखावृत्तापासून जसजसे दूर जावे तसतसा हा गुणक वाढतो, म्हणून नांदेडला हेच क्षेत्र टेपपेक्षा हेक्टरी पाच-सहा चौरस मीटर जास्त भरते. टेपशी तुलना करायची असेल, तर त्या ठिकाणचा उंचीसह एकत्रित गुणक मोजणी करणाऱ्याकडून घ्यावा आणि कॅडमधल्या क्षेत्राला त्याच्या वर्गाने भागावे.