मकतबमध्ये (मुलांच्या धार्मिक शिक्षणाच्या वर्गात) अख्लाक (चांगलं वागणं) शिकवताना व्हिडिओ, क्विझ वापरले तर मुलांना खरंच गोडी लागते का?

लागते. पण कशाची, ते बघा.

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका गावात मगरिबनंतर (सूर्यास्ताच्या नमाजनंतर) तासभर मकतब घेते. वीसेक मुलं, शाळा-ट्यूशन उरकून पेंगुळलेली. कायदा (अरबी अक्षरओळखीचं पुस्तक), नाजरा (कुराण बघून वाचणं) यांत निदान पान पुढे सरकतं. अख्लाकचा सबक (धडा) म्हणजे ‘खोटं बोलू नये’. ते ऐकून ऐकून पोरांचे कान किटलेले.

म्हणून कहूट आणलं, मोबाइलवरचा क्विझचा खेळ. विषय घेतला कुराणातल्या सूरा हुजुरात या अध्यायाची ११वी आयत: कुणाची टिंगल करू नका, कुणाला नावं ठेवू नका. काय जोर चढला पोरांना! पहिला आलेला मुलगा शेवटच्याकडे वळून ओरडला, “ए ढब्ब्या, झोपलास काय?” दोनच मिनिटांपूर्वी नेमक्या त्याच प्रश्नाला उत्तर बरोबर म्हणून त्याचा पडदा हिरवा झाला होता. त्या खेळात लवकर बटण दाबणाऱ्याला जास्त गुण. राग गिळून गप्प बसणाऱ्याला कोण देणार?

पुढे तर ‘आपा, आज कहूट नाही?’ एवढंच उरलं. नाही म्हटलं की चेहरे पडायचे. १९७३ मध्ये अमेरिकेतला एक प्रयोग प्रसिद्ध झाला होता: आपल्या आवडीने चित्रं काढणाऱ्या लहान मुलांना प्रशस्तिपत्रक कबूल करून चित्रं काढायला लावलं, तर नंतर मोकळ्या वेळेत ती पूर्वीपेक्षा कमी काढू लागली. आमच्याकडे वेगळं काय झालं?

मोबाइल मी सोडला नाही. पावसाळ्यात ‘उद्या शाळांना सुट्टी’ असं कलेक्टरांचं पत्र ग्रुपवर फिरत होतं. तेच वर्गात दाखवलं आणि हुजुरातचीच ६वी आयत वाचली: खबर आली तर आधी खातरी करा. एका पोराने फोटो बोटांनी मोठा केला. तारीख गेल्या वर्षीची! मग रोज कुणी ना कुणी घरच्या ग्रुपवरचा एखादा मेसेज घेऊन येऊ लागलं. गुण नाहीत, नंबर नाही.

एके दिवशी एक मुलगी सगळे गेल्यावर मागे थांबली. तिचे अब्बा कुवेतला. “आपा, अब्बांनीच पाठवलेला खोटा निघालाय. त्यांना खोटं पाठवलंत म्हणू?” आईबापांना ‘उफ्’ही म्हणू नका, हे कुराणातलं तिला पाठ होतं. त्या दिवशी आम्ही दोघींनी अर्धा तास एकच वाक्य घडवलं. चार वेळा रेकॉर्ड करून तिने व्हॉइस नोट पाठवली: “अब्बा, त्यातली तारीख जरा बघाल का?”