बडोद्याजवळच्या जुन्या शेतीवरून वंशावळ कशी काढावी?

पणजोबांचं नाव आणि गाव माहीत असेल, तर सुरुवात होते. सातबाऱ्यावर थांबू नका. खरा खजिना हक्कपत्रकात, म्हणजे गाव नमुना 6 मध्ये: वारसाईच्या नोंदीत मयत आणि वारस एकत्र सापडतात. सातबाऱ्यावरचे नोंद क्रमांक धरून एकेक पायरी मागे जा. जुन्या स्कॅन केलेल्या नोंदी एनीआरओआर (AnyROR) या गुजरात सरकारच्या जमीन-नोंदींच्या संकेतस्थळावर मिळतात. नाहीतर मामलतदार कचेरीत नक्कल मागा. माग बहुधा जमिनीच्या तुकड्यांच्या एकत्रीकरणात तुटतो, कारण तिथे सर्व्हे नंबरांचे ब्लॉक नंबर झाले. दोन्ही लिहून ठेवा. लेकींची नावं हक्क सोडल्याच्या नोंदीत पाहा, ती फार गळतात. गायकवाडी दप्तरातले, म्हणजे बडोदा संस्थानाचे, जुने कागद बऱ्याचदा मोडी लिपीत असतात, वाचणारा सोबत हवा. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वंशावळीच्या वहीशीही नावं ताडून पाहा. तिथे मूळ गाव आणि आडनाव विचारतात.