जळगावच्या आजी बेल का वाजवत नाहीत

आरू,

परवा आजीशी व्हिडिओ कॉल चालू असताना तू विचारलंस ना, की त्या समोरच्या जळगावच्या आजी बेल न वाजवता थेट किचनमध्ये कशा येतात, स्वतःच गॅस पेटवून चहा टाकतात आणि आजी काही बोलत कशी नाही. तेव्हा मी ऑफिसच्या कॉलवर होते, आता नीट सांगते.

आजीचं घर सिडकोत, कागदावर नवीन नाशिक, पण तसं म्हणतं कोण. सातपूर, अंबडला एमआयडीसी आली, कामगारांना घरं पाहिजे होती म्हणून सिडकोने एकाला एक चिकटून छोटी छोटी घरं बांधली, स्कीमवार. रिक्षावाल्याला अजून 'पाचवी स्कीम' एवढंच सांगितलं की पुरतं. 1982 ला नाशिकची महानगरपालिका झाली, त्याच सुमारास आजी-आजोबा तिथे राहायला आले. गल्लीत सगळेच बाहेरून आलेले, आजोबा सिन्नरकडचे, समोरचे जळगावचे, बाजूला धुळ्याचे, कोपऱ्यावर एक कोकणातले. गावाकडे चुलते-मामे ढीगभर, पण नवरा थर्ड शिफ्टला गेलेला आणि रात्री दोन वाजता पोराला ताप भरला तर उठवायचं कुणाला? समोरच्यांनाच ना. मामाच्या वेळी आजी दवाखान्यात होती तेव्हा माझं जेवणखाण, वेणीफणी, शाळा सगळं मावशींकडे (हो, जळगावच्या आजींना मी मावशी म्हणते). आमच्या घराची किल्ली त्यांच्याकडे असायची, आणि मला फटका द्यायचा हक्कही, तो त्यांनी भरपूर वापरलाय.

पण सगळंच एक होतं असं समजू नकोस हं. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खान्देशी घरांत कानबाई बसते. नारळाची देवी, तिला दागिने घालून सजवायचं, रात्रभर जागरण, अहिराणी गाणी, मला निम्मे शब्द कळायचे नाहीत तरी मी पुढेच बसायचे, आणि सोमवारी वाजत गाजत विसर्जन. आमची अख्खी गल्ली जागी असायची. त्या पूजेचे रोट, म्हणजे प्रसाद, मात्र फक्त भाऊबंदांनी खायचे. मी लहान, हटून बसले की मला पण पाहिजे, रडून गोंधळ घातला. मावशींनी पुरणपोळी दिली, खीर दिली, मांडीवर घेतलं, पण रोट काही दिला नाही. आजीला त्यात काहीच वावगं वाटलं नाही, उलट मलाच ओरडली. मला ते पटायला बरीच वर्षं गेली.

आणि आजीला वैताग येत नाही असं पण नाही. दुपारी जरा पडायचं असतं तेव्हा ती आतून कडी लावून घेते. मग मावशी खिडकीतून हाक मारतात, "झोपली का गं?" आणि उत्तर येईपर्यंत मारत राहतात.

तुझी आई