मुलीला समुपदेशक व्हायचंय, पण उद्या हे काम उरेल का?

डिचोलीहून एका आईचं पत्र आलं आहे. मुलगी बारावीला, कला शाखेत. मानसशास्त्र हा तिचा जीव की प्राण. तिला समुपदेशक व्हायचं आहे. वडील म्हणतात, आता मोबाइलवरचं यंत्रच रात्री दोन वाजता सल्ला देतं, मग माणसाला पैसे कोण मोजणार? आईची काळजी निराळी आहे. मुलगी फार हळवी, मैत्रिणीचं दुःख ऐकलं की तिला जेवण जात नाही. हे काम तिला झेपेल का?

ताई, नमस्कार.

यजमानांची शंका रास्त आहे, आणि जुनीही. 1966 साली अमेरिकेत एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेत जोसेफ वायझेनबाउम यांनी ‘एलायझा’ नावाचा संगणक प्रोग्राम लोकांसमोर आणला. समोरच्याचंच वाक्य फिरवून तो प्रश्न विचारायचा. त्याला काही कळत नव्हतं, तरी वायझेनबाउम यांची सेक्रेटरी त्याच्याशी बोलताना त्यांनाच म्हणाली, तुम्ही जरा बाहेर जाता का? यंत्रापाशीसुद्धा मन मोकळं करावंसं वाटावं, इतकी माणसाला ऐकणाऱ्याची भूक असते. वायझेनबाउम मात्र या प्रकाराने अस्वस्थ झाले आणि पुढे यंत्रावर असा भरवसा टाकण्याविरुद्ध आयुष्यभर बोलत राहिले.

‘एलायझा’ने नक्कल केली होती ती कार्ल रॉजर्स यांच्या पद्धतीची. मानवतावादी मानसशास्त्रातलं हे मोठं नाव. आलेल्या माणसाला ‘रुग्ण’ म्हणणं त्यांनी सोडलं. 1957 मध्ये त्यांनी मांडलं की माणूस बदलायला समुपदेशकाकडे तीन गोष्टी हव्यात: त्याच्या जागी उभं राहून समजून घेणं, त्याला अटी न घालता स्वीकारणं आणि स्वतः खरं असणं. पहिल्या दोन्हींची नक्कल यंत्र आज फार छान करतं. तिसरीपाशी ते अडतं. ‘तुमचं ऐकून मला वाईट वाटलं’ हे ते लिहील, पण वाईट वाटायला तिथे कोणी नसतं. म्हणून माहिती, वेळापत्रक, झोपेच्या सवयी असली कामं यंत्राकडे जातील, जाऊ देत. ज्याला कोणाच्या तरी समोर बसून रडायचं आहे, तो माणसाकडेच येईल असं मला मनापासून वाटतं.

यासाठी दूर जायला नको. ‘संगाथ’ ही संस्था 1996 पासून आपल्या गोव्यातच काम करते. मानसोपचाराची पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना तिने शिकवून तयार केलं आणि ही माणसं आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या रुग्णांशी बोलू लागली, तेही रुग्णाच्याच भाषेत. सहा ते आठ भेटी, कधी केंद्रात, कधी घरी. तंत्र साधंच होतं: सुटलेली रोजची कामं थोडी थोडी पुन्हा सुरू करायला लावणं. 495 रुग्णांचा हा अभ्यास 2017 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. तीन महिन्यांनंतर समुपदेशन मिळालेल्यांपैकी 64 टक्के लोक नैराश्यातून सावरले होते. ते न मिळालेल्यांत हा आकडा 39 टक्के होता.

याचा तुमच्या मुलीशी काय संबंध? अशा कार्यकर्त्यांना शिकवायला, त्यांच्या चुका दाखवायला आणि अवघड माणसं हाताळायला शिकलेली माणसं लागतात. ती कमी आहेत. कोकणी-मराठीत बोलणारी तर फारच कमी. इंग्रजी माध्यमात शिकलेलं पोरही घरातलं दुःख सांगताना आईच्या भाषेवर येतं.

आता तुमची काळजी. हळवेपणा हे या कामाचं भांडवल आहे, पण त्याला शिक्षण लागतं. समुपदेशनात मी नवी होते तेव्हा दहावीचा एक मुलगा वडिलांबरोबर आला होता. पंधरा मिनिटांत मी त्याला सगळ्या कोर्सचा सुंदर तक्ता काढून दिला. ‘बरं मॅडम’ म्हणाला आणि गेला. काही महिन्यांनी कळलं, आजोबा गेल्यापासून त्याला झोप येत नव्हती आणि त्याला तेवढंच बोलायचं होतं. ते गप्प चेहऱ्यावर वाचणं मी नंतर शिकले, ज्येष्ठांच्या देखरेखीखाली, एकेका भेटीची टिपणं दाखवत. दुसऱ्याचं दुःख समजून घ्यायचं आणि तरी संध्याकाळी घरी येऊन जेवायचं, हेही तिथेच शिकवतात. तेव्हा कॉलेज निवडताना फीच्या आधी विचारा: प्रत्यक्ष काम किती तास, आणि देखरेख कोण करणार?

वाट अशी: मानसशास्त्रात पदवी, मग दोन वर्षांचं एम.ए., शक्यतो समुपदेशनातलं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणजे मानसिक आजारांवर उपचार करणारी मानसशास्त्रज्ञ, व्हायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी हवी, आणि ती परिषदेने मान्य केलेल्या अभ्यासक्रमावरच मिळते, कोणत्याही एम.ए.वर नाही. हा फरक आत्ताच समजून घ्या, पुढे मनस्ताप वाचेल. 2021 च्या आरोग्यसेवा व्यवसाय कायद्याच्या यादीत मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक आले आहेत, म्हणजे या कामाला हळूहळू शिस्त लागेल. शाळा, इस्पितळं, व्यसनमुक्ती केंद्रं आणि 2022 मध्ये सुरू झालेली ‘टेली-मानस’ची 14416 ही मानसिक आरोग्यासाठीची सरकारी हेल्पलाइन, अशा ठिकाणी माणसं लागतात. पहिली काही वर्षं पगार बेताचाच असतो, हे यजमानांपासून लपवू नका.

पणजीला गेलात तर तिला जुन्या सचिवालयाशेजारचा आबे फारियांचा पुतळा दाखवा. 1756 मध्ये कांदोळीत जन्मलेला हा गोंयकार पॅरिसमध्ये संमोहनाचे प्रयोग करत असे. संमोहन करणाऱ्याच्या अंगातून काही शक्ती वाहते असं तेव्हाच्या युरोपात मानत. फारिया सांगत, जे घडतं ते समोरच्या माणसाच्या स्वतःच्या मनातून. रॉजर्सनाही माणसाविषयी असाच विश्वास वाटत होता.

एक गोष्ट मात्र राहून राहून जाणवली. चार पानी पत्रात यजमानांचं म्हणणं आहे, तुमचं आहे, मुलीचं स्वतःचं एकही वाक्य नाही. मैत्रिणीचं ऐकून जेवण जात नाही तेव्हा तिच्या मनात काय चालतं, हे मला तिच्याकडूनच ऐकायचं आहे. पुढचं पत्र तिला लिहू द्या, आणि ते वाचून न पाहता पाठवा.