आधी दोघांची तपासणी, मग आयव्हीएफ : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

मूल राहत नाही म्हणून होणाऱ्या तपासण्या आणि आयव्हीएफ (बीज आणि शुक्राणू शरीराबाहेर जुळवून तयार झालेला गर्भ गर्भाशयात सोडणं), यावर आलेल्या पत्रांतली काही इथे घेतली आहेत. ओळख पटेल असा तपशील काढून टाकला आहे. पत्रं वाचताना एक गोष्ट सारखी खटकली. पैसे कमी पडले म्हणून अडलेली जोडपी आहेतच, पण पैसे उलट्या क्रमाने गेले म्हणून अडलेलीही तितकीच आहेत. तीनशे-चारशे रुपयांची तपासणी राहून गेलेली आणि लाखाचा खर्च होऊन बसलेला.

प्रश्न : लग्नाला चार वर्षं झाली, माझं वय २७. माझ्या रक्ताच्या तपासण्या, तीन सोनोग्राफी आणि दुर्बिणीची तपासणीसुद्धा झाली. सगळं नॉर्मल आहे. आमचे हे मात्र तपासायला तयार नाहीत. "माझ्यात काय खोट असणार," म्हणतात. सासूबाई आता दुसरा डॉक्टर शोधतायत. (सातारा जिल्हा)

ताई, तुम्हाला भूल दिली, पोटाला छिद्रं पाडली, टाके घातले. त्यांच्याकडून हवी होती ती फक्त डबीभर वीर्याची तपासणी. ती पहिल्याच आठवड्यात व्हायला हवी होती आणि ती न मागता तुम्हाला थेट दुर्बिणीपर्यंत नेणाऱ्या डॉक्टरांचीही यात चूक आहे, हे माझ्याच व्यवसायातलं असलं तरी सांगतो.

मूल न राहणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाकडचं कारण असतं, कधी एकटं, कधी बायकोच्या कारणाच्या जोडीनं. पुरुष घाबरतात कारण त्यांना वाटतं ही पौरुषाची परीक्षा आहे. संबंध व्यवस्थित येणं आणि वीर्यात शुक्राणू पुरेसे असणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. धडधाकट, नांगर धरणाऱ्या माणसाच्या रिपोर्टवरही शून्य आलेलं मी पाहिलंय आणि मधुमेह असलेल्या किडकिडीत कारकुनाचा रिपोर्ट उत्तम आलेलाही.

तपासणीआधी दोन ते सात दिवस संबंध टाळायचे. नमुना शक्यतो लॅबमध्येच द्यायचा. घरून न्यायचा असेल तर तासाभरात पोहोचवायचा आणि डबी खिशात, अंगाच्या उबेला ठेवायची. साध्या निरोधमध्ये नमुना घेऊ नये, त्यातल्या रसायनाने शुक्राणू मरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेप्रमाणे खालची मर्यादा अशी : एका मिलिलिटरला १ कोटी ६० लाख शुक्राणू, हालचाल करणारे ४२ टक्के, नीट आकाराचे ४ टक्के. हो, फक्त चार. "९६ टक्के खराब" असं वाचून रडत आलेली जोडपी मला दर महिन्याला भेटतात. आणि एका वाईट रिपोर्टवर काहीच ठरवायचं नाही, तपासणी पुन्हा करायची.

यजमानांना समजावण्याचं काम तुम्ही एकटीने करू नका. डॉक्टरांना सांगा की आम्हा दोघांना एकत्र बोलवा. सासूबाईंनाही घेऊन या. माझ्या ओपीडीत मुलाला उठवून लॅबकडे पाठवणारी बहुतेक वेळा आईच असते, एकदा तिला समजलं की.

तुमच्या पत्रात आणखी एका गोष्टीचा उल्लेख नाही. दुर्बिणीच्या वेळी बीजवाहक नळ्यांतून निळं औषध सोडून त्या मोकळ्या आहेत का, हे पाहिलं होतं का? आणि गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा टीबीसाठी पाठवला होता का? आपल्याकडे नळ्या बंद होण्यामागे जुना, कधीच न खोकलेला टीबी असू शकतो. डिस्चार्ज कार्ड काढून वाचा.

प्रश्न : वय २९. दोन रिपोर्टमध्ये शुक्राणू शून्य. जिम ट्रेनरच्या सांगण्यावरून वर्षभर टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेतली होती. आता तेच वाढवू का? (पिंपरी)

अजिबात नाही. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की मेंदूतली ग्रंथी वृषणांना काम बंद करायला सांगते. दंड फुगतात आणि शुक्राणू थांबतात. इंजेक्शनं बंद करा आणि हे लपवून न ठेवता डॉक्टरांना सांगा. शुक्राणू तयार व्हायला साधारण ७४ दिवस लागतात, म्हणून तीन महिन्यांआधी पुन्हा तपासण्यात अर्थ नाही. पूर्ववत व्हायला काही महिने, कधी वर्षही लागतं, पण बहुतेकांचं येतं. नाहीच आलं तर एफएसएच (मेंदूतल्या ग्रंथीचं हार्मोन), टेस्टोस्टेरॉन, गुणसूत्रांची तपासणी आणि यूरॉलॉजिस्ट (मूत्रमार्ग आणि पुरुषांच्या जननेंद्रियांचे डॉक्टर), या क्रमाने. गुटखा खात असाल तर तोही आजच बंद.

प्रश्न : वय ३१, लग्नाला दहा महिने. एएमएच ०.९ आला. "अंडी संपत आलीत, याच महिन्यात आयव्हीएफ करा," असं सांगितलं. रात्रभर झोप नाही. (नाशिक)

आधी झोपा. एएमएच हे अंडाशयातलं हार्मोन. त्याचा आकडा सांगतो की इंजेक्शनं दिली तर साधारण किती बीजं, म्हणजे अंडी, मिळतील. तुम्हाला आपोआप दिवस राहतील की नाही, हे तो सांगत नाही. बीजाचा दर्जा मुख्यतः वयावर असतो आणि ३१ हे वय तुमच्या बाजूचं आहे.

पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सोनोग्राफीत दोन्ही अंडाशयांतल्या लहान फॉलिकल, म्हणजे बीजाच्या पिशव्या, मोजून घ्या, आकडा एएमएचशी जुळतो का बघा. रिपोर्टवरचं एककही पाहा. काही लॅब नॅनोग्रॅमऐवजी पिकोमोलमध्ये देतात आणि तो आकडा सातपट मोठा दिसतो. नळ्यांचा एक्स-रे, म्हणजे एचएसजी, पाळी थांबल्यावर, पण पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजून साधारण सातव्या ते दहाव्या दिवशी. थायरॉइड आणि यजमानांचा रिपोर्ट हवाच. हे सगळं चांगलं असेल तर काही महिने स्वतः प्रयत्न करणं हा वेडेपणा नव्हे. पण दोन-तीन वर्षं थांबण्याची चैनही तुम्हाला नाही. तुमचं वय ३७ असतं तर मी वेगळं उत्तर दिलं असतं. पस्तिशीनंतर सहा महिने प्रयत्न करून तपासणीला लागावं, एरवी वर्षभर प्रयत्न करून.

प्रश्न : मी रिक्षा चालवतो. दोघांच्या तपासण्या झाल्या, बायकोच्या दोन्ही नळ्या बंद आहेत. आयव्हीएफशिवाय मार्ग नाही म्हणतात. एका ठिकाणी "पॅकेज ९९ हजार" सांगितलं, हप्तेही देतो म्हणाले. सरकारी सोय नाही का? (ठाणे)

या प्रश्नाला जरा जास्त जागा देतो.

देशात शास्त्रीय नोंद असलेलं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या केईएममध्ये जन्मलं, डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हाताखाली. महापालिकेच्या रुग्णालयात! त्यानंतरच्या काळात हा उपचार जवळजवळ पूर्ण खासगी झाला. आयुष्मान भारत योजनेतून वंध्यत्वावरचे उपचार वगळलेले आहेत, त्यामुळे त्या कार्डावर आयव्हीएफ होत नाही. केंद्र सरकारी नोकरांना सीजीएचएस या त्यांच्या आरोग्य योजनेतून मर्यादित परतावा मिळतो. खासगी विमा पॉलिसीत हे बहुतेकदा नसतं, असलं तर प्रतीक्षा काळ असतो.

तरी मार्ग बंद नाही. मुंबईत कामा रुग्णालयात सरकारी आयव्हीएफ केंद्र झालं आहे. तुम्हाला ठाण्याहून लोकलने जाता येईल, तिथे आधी ओपीडीत नाव घाला. गोव्यात बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजने २०२३ मध्ये मोफत आयव्हीएफ सुरू केलं, तिथल्या वाचकांनी ते आधी पाहावं. सरकारी ठिकाणी रांग असते, म्हणून तुमच्या पत्नीचं वय काय हे महत्त्वाचं. तिशीच्या आत असेल तर सहा-आठ महिने थांबून लाखभर वाचवणं मला शहाणपणाचं वाटतं. अडतीस असेल तर नाही.

आणि सगळं एकाच छताखाली करायला हवं असंही नाही. हार्मोनच्या तपासण्या, टीबीची तपासणी आणि औषधं, दुर्बिणीची शस्त्रक्रिया, हे सरकारी किंवा महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयात नाममात्र पैशांत होतं. नळ्यांत पाणी भरून फुगवटा आलेला असेल, ज्याला हायड्रोसाल्पिंक्स म्हणतात, तर आयव्हीएफच्या आधी त्या काढाव्या किंवा बांधाव्या लागतात, नाहीतर ते पाणी गर्भाशयात उतरून गर्भ रुजू देत नाही. ही शस्त्रक्रियाही सरकारीत करून घेता येते. हे विचारल्याशिवाय खासगीत पैसे भरू नका.

आता ते ९९ हजार. खासगीत एका सायकलला, म्हणजे इंजेक्शनांपासून गर्भ सोडण्यापर्यंतच्या एका फेरीला, शेवटी दीड ते अडीच लाख होतात. जाहिरातीतल्या आकड्यात काय नाही, ते विचारा. दहा-बारा दिवसांची इंजेक्शनं आत आहेत का? (बिलाचा मोठा भाग तोच असतो.) पिकअपची, म्हणजे बीजं काढतानाची, भूल? इक्सी (एकेक शुक्राणू सुईने बीजात सोडणं)? गर्भ गोठवणं, त्याचं वर्षाचं भाडं, नंतरचं ट्रान्सफर (गर्भ गर्भाशयात सोडणं)? सायकल मध्येच थांबवावी लागली तर किती परत मिळणार? हे सगळं लेटरहेडवर लिहून मागा. जो देत नाही, त्याच्याकडे हप्त्याचा कागद सही करू नका. हप्ता ही सवलत नसते, ते कर्ज असतं, आणि उपचार फसला तरी ते फेडायचं असतं.

केंद्राची नोंदणी विचारा. २०२१ च्या एआरटी (सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान) कायद्याप्रमाणे आयव्हीएफ करणाऱ्या केंद्राला लेव्हल २ ची नोंदणी लागते, फक्त आययूआय (वीर्य थेट गर्भाशयात सोडणं) करणाऱ्याला लेव्हल १. प्रमाणपत्र भिंतीवर लावलेलं असतं, ते वाचा. मग विचारा, "माझ्या बायकोच्या वयाच्या शंभर बायकांपैकी किती जणी बाळ घेऊन घरी गेल्या?" प्रेग्नन्सी पॉझिटिव्ह आली किती, हा वेगळा आकडा आहे आणि फलकावर तोच मोठा करून लिहिलेला असतो. अंदाजासाठी ब्रिटनचे २०२२ चे सरकारी आकडे सांगतो : एक गर्भ सोडल्यावर बाळ जन्मण्याचं प्रमाण ३४ वर्षांपर्यंत ३५ टक्के, ४३-४४ व्या वर्षी ५ टक्के. ८० टक्क्यांची हमी देणाऱ्याकडून उठून या.

प्रश्न : नवऱ्याच्या नोकरीमुळे मी डिपेंडंट व्हिसावर इंग्लंडमध्ये आहे. एनएचएसमध्ये आयव्हीएफ मिळेल की पुण्याला येऊन करू? (लेस्टर)

व्हिसासोबत आरोग्य अधिभार भरला असला, तरी ऑगस्ट २०१७ पासून इंग्लंडमध्ये तुमच्यासारख्यांना एनएचएसच्या, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, खर्चाने आयव्हीएफ मिळत नाही. पण जीपीकडून, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरकडून, प्राथमिक तपासण्या करून घ्या, त्या मिळतात. कायमचा निवास मिळाल्यावर हक्क येतो, मात्र किती सायकल मिळणार हे तुमच्या भागाच्या आरोग्य मंडळावर ठरतं. चाळिशीच्या आत तीन सायकल द्याव्यात अशी तिथली शिफारस आहे, प्रत्यक्षात पुष्कळ भागांत एकच देतात.

पुण्यात करायचं तर तीन-चार आठवड्यांची सुट्टी धरा. इथे उरलेले गोठवलेले गर्भ मनात आलं म्हणून लेस्टरला नेता येत नाहीत. स्वतःच्या वापरासाठीसुद्धा एआरटी कायद्याखालच्या राष्ट्रीय मंडळाची परवानगी लागते. म्हणजे पुढच्या ट्रान्सफरला पुन्हा विमान. तो खर्च आधीच मांडा.

प्रश्न : माझं वय ४५. डॉक्टर दात्या स्त्रीचं बीज घ्या म्हणतात. माझी सख्खी बहीण ३८ वर्षांची आहे, ती द्यायला तयार आहे. घरातलंच रक्त राहील. (कोल्हापूर)

भावना कळते, पण कायद्यात बसत नाही. बीज देणारी स्त्री २३ ते ३५ वर्षांचीच हवी, बीज नोंदणीकृत एआरटी बँकेमार्फतच (दात्यांचं बीज पुरवणारी संस्था) यायला हवं, आणि ती आयुष्यात एकदाच देऊ शकते. "आम्ही कागद जमवतो" म्हणणारा भेटला तर बहीण आणि तुम्ही दोघी अडचणीत याल. स्वतः उपचार घेणाऱ्या स्त्रीला वयाची मर्यादा ५० च्या आत, पुरुषाला ५५ च्या आत. यजमानांचं वय पत्रात नाही, ते मोजा. तुमच्या वयात बीपी, साखर आणि हृदयाची तपासणी आधी, बाकी नंतर. रक्ताच्या नात्याबद्दल एवढंच म्हणेन : नऊ महिने बाळाला पोसणार आहे ते तुमचंच रक्त.

प्रश्न : दोन आयव्हीएफ फसले. तिसऱ्याला अस्तर खरवडणे, ईआरए, पीआरपी, इंट्रालिपिड असं ८० हजारांचं जास्तीचं सांगितलंय. वय ३६. (छत्रपती संभाजीनगर)

अस्तर खरवडण्याने आणि ईआरएने (अस्तर गर्भ घ्यायला कधी तयार होतं ते पाहणारी तपासणी) फायदा होतो का, हे मोठ्या चाचण्यांत तपासलं गेलं आणि बाळं जन्मण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही. इंट्रालिपिडमागे (शिरेतून दिलेलं चरबीचं सलाईन) भक्कम पुरावा नाही. पीआरपी (तुमच्याच रक्तातल्या प्लेटलेट वापरून केलेला उपचार) अजून प्रयोगातच आहे. "करून बघायला काय हरकत," असं म्हणणाऱ्याच्या खिशातून हे पैसे जात नाहीत.

त्यापेक्षा दोन्ही सायकलची संपूर्ण फाइल मागा, तो तुमचा हक्क आहे. किती बीजं निघाली, किती फळली, पाचव्या दिवसापर्यंत किती पोचली, कुठल्या प्रतीचा गर्भ सोडला. पाचव्या दिवसापर्यंत काहीच टिकत नसेल तर अडचण बीजात, शुक्राणूत किंवा लॅबमध्ये आहे, गर्भाशयाला मलमपट्टी करून काय होणार? गर्भ चांगले होते आणि रुजले नाहीत, तर हिस्टेरोस्कोपी करून, म्हणजे गर्भाशयात दुर्बीण घालून, आत पडदा, पॉलिप, चिकटलेलं काही आहे का ते पाहायचं. ती फाइल घेऊन दुसऱ्या, तिऱ्हाईत डॉक्टरांकडे जा. आणि किती सायकलनंतर थांबायचं, हे दोघांनी आताच, तिसरी सुरू होण्याआधी बोलून घ्या. रिझल्टच्या संध्याकाळी ते बोलणं होत नाही.

प्रश्न : ट्रान्सफर झालं. सासूबाई पलंगावरून उतरू देत नाहीत. पपई, जिना, एसटी, सगळं बंद. (अकोला)

उतरा. चालल्याने गर्भ पडत नाही. उलट सक्तीने झोपून राहण्याचा काहीच फायदा दिसलेला नाही. जिना चढा, ऑफिसला जा, जड हंडे तेवढे उचलू नका. पिकलेल्या पपईची भीती नको, कच्ची मात्र सासूबाईंसाठी टाळा, घरात शांतता राहील. प्रोजेस्टेरॉनचं औषध एक दिवसही चुकवू नका. बीटाची (गर्भारपणातल्या एचसीजी हार्मोनची) रक्ततपासणी केंद्राने दिलेल्या तारखेलाच, साधारण चौदाव्या दिवशी करा. आठव्या दिवशी बाथरूममध्ये लपून कार्डवर पाहू नका. एचसीजीचं इंजेक्शन घेतलं असेल तर ते उगाच दोन रेघा दाखवू शकतं आणि नसेल तर उगाच एक.