सॅकमधली जीन्स

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: परदेशात येऊन दीड वर्ष झालं, ऑफिस आणि घर सोडून काही घडत नाही, जवळची शहरं पाहून झाली. आता काहीतरी थरारक करायचंय, तर बंजी, स्कायडायव्हिंग की थेट किलिमांजारो?

काहीही करा, मजाच येईल. पण ‘इथे आलो तेव्हाची धडधड आता राहिली नाही’ हे तुमचं वाक्य मी दोनदा वाचलं. आठवून बघा, कसली होती ती धडधड? बँकेत समोरची बाई बोलत होती त्यातलं निम्मंच कळत होतं आणि तरी खातं उघडून आलात, त्याचीच ना? आता सगळं अंगवळणी पडलंय. त्यावर दोराला लटकून कितपत उतारा मिळेल, मला शंका आहे.

न्यूझीलंडमध्ये क्वीन्सटाउनजवळ कावारौ पुलावरून १९८८ पासून लोक ४३ मीटर खाली उड्या मारतायत. मीही मारली. पोटात गोळा आला, घसा बसेपर्यंत ओरडले. पण दोर बांधला दुसऱ्याने, तपासला दुसऱ्याने, खाली उतरवून घेतलं तेही दुसऱ्याने. माझं काम एका सेकंदाचं. संध्याकाळपर्यंत सगळी झिंग उतरली होती.

त्यापेक्षा स्वीडनमधल्या एका फसलेल्या पायी सफरीने मला जास्त दिलं. उत्तरेकडे अबिस्को ते हेमावान अशी कुंग्सलेडेन नावाची सुमारे ४४० किलोमीटरची पायवाट आहे. बहुतेक जण तिचा उत्तरेकडचा तुकडा धरून अबिस्कोहून निक्कालुओक्ताला उतरतात, म्हणजे साधारण १०५ किलोमीटर. मला वाटलं, रोज १८-२० किलोमीटर, त्यात काय! सॅक १९ किलोची. पहिल्या दिवशी दलदलीवर टाकलेल्या फळ्यांवरून चालताना स्वतःवर इतकी खूश होते की टाचेकडे लक्षच नव्हतं. दुसऱ्या दिवशी आलेसयौरे या मुक्कामाच्या झोपडीत पोचले तेव्हा मोजा टाचेला चिकटला होता.

या झोपड्यांत पाणी आणणं, लाकडं फोडणं ही कामं मुक्कामाला आलेल्यांनीच करायची असतात. मी लंगडत बादली आणताना एका साठीच्या बाईने पाहिलं. तिने बादली घेतली, मला बसवलं, टाचेला पट्टी लावली आणि म्हणाली, ‘सॅक ओत टेबलावर.’ मी ओतली. एक जीन्स, एक जाडजूड पुठ्ठ्याच्या बांधणीची कादंबरी, तीन चार्जर, शाम्पूची अख्खी बाटली. ती काही बोलली नाही. नुसती जीन्स दोन बोटांनी उचलून धरली आणि सगळी झोपडी हसली. मीही हसले, जरा उशिरा.

पुढे त्याक्त्याची खिंड, ११५० मीटर, या वाटेवरची सगळ्यात उंच जागा. बाहेर आडवा पाऊस. बऱ्याच भागात मोबाइलला रेंज नाही. दोन रात्री थांबले आणि मागे फिरले. त्या परतीच्या वाटेवर मी रडलेही. पण मागे फिरायचं हे माझं मी ठरवलं होतं. त्या देशात येऊन दोन वर्षं झाली होती आणि कुणाला न विचारता घेतलेला असा तो पहिलाच निर्णय. पुढच्या वर्षी ११ किलो घेऊन गेले आणि निक्कालुओक्ताला उतरले. खरं सांगते, दुसरी खेप मला तितकीशी आठवत नाही.

तेव्हा निवडताना मी हे बघेन: यात ठरवायचं काम किती माझ्याकडे आहे? आणि जमलं नाही तर मागे फिरायला जागा आहे का? पुढच्या सुट्टीत एकट्याने एक रात्र झोपडीत काढा. स्वित्झर्लंड जवळ असेल तर पाट्यांच्या खुणा आधी शिकून घ्या. पिवळी वाट साधी. पांढरी-लाल-पांढरी डोंगरातली, तिथे पाय सराईत हवा. पांढरी-निळी-पांढरी नवख्याने सोडून द्यावी. पाटीवर लिहिलेल्या वेळेत विश्रांती धरलेली नसते. माझी शेवटची बस याच हिशोबात एकदा चुकलेली आहे.

किलिमांजारोबद्दल थोडं लांबण लावते, कारण तिथे लोक फार हलगर्जीपणा करतात. उंची ५,८९५ मीटर. नेहमीच्या वाटांवर दोर लावून चढावं लागत नाही, म्हणून सोपं वाटतं. घोडं अडतं ते विरळ हवेपाशी. ३,००० मीटरच्या वर झोपण्याची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं, असं डॉक्टर सांगतात. आता मरांगूची वाट बघा. होरोंबोचा मुक्काम ३,७२० मीटरवर आणि पुढचा किबो ४,७०० च्या आसपास. म्हणजे एका झेपेत जवळजवळ हजार मीटर! पाच दिवसांत उरकणारा कार्यक्रम स्वस्त पडतो, पण होरोंबोला एक दिवस जास्त थांबवणारा घ्या. डोकं दुखून उलट्या होत असतील तर आणखी वर चढू नका. चालताना झोक जायला लागला तर शिखर कितीही जवळ दिसो, लगेच खाली उतरायचं. विमा घेताना किती उंचीपर्यंत चालतो आणि हेलिकॉप्टरने सुटका त्यात आहे का, हे बारीक अक्षरात वाचा.

कुठेही जा, वाट आणि परतीची वेळ एका माणसाला लिहून द्या. युरोपात अडचणीत ११२ ला फोन.

अजून एक, आणि हे तुम्हाला कंटाळवाणं वाटेल. स्थानिक गिर्यारोहण क्लबात नाव घाला, इंग्रजी बोलणाऱ्या परदेशी मंडळींचा गट नको. जर्मनीत असाल तर तिथला आल्पाइन क्लब १८६९ पासून आहे आणि शहराशहरांत त्याच्या शाखा आहेत. माझ्या पहिल्या सहलीत बारा जण होते, सगळे एकमेकांना वर्षानुवर्षं ओळखणारे. त्यांचे विनोद मला अर्धा मिनिट उशिरा कळायचे, तोवर विषय बदललेला असायचा. सहा तास हे असं चाललं. चढ काहीच नव्हता, तरी घरी येऊन बूट न काढता झोपले. चौथ्या सहलीला माझ्या एका वाक्यावर ते हसले. मी ते वाक्य ट्रेनमध्ये तीनदा घोकून गेले होते!

स्कायडायव्हिंग मी केलेलं नाही, त्यामुळे त्यावर बोलत नाही. कोणत्या देशात आहात आणि सलग किती दिवस रजा मिळते ते लिहा, मग पहिली वाट कुठली धरायची ते बघू. आणि ती जीन्स मी नंतर तराजूवर टाकली होती. ७४० ग्रॅम.